लग्नाविना सहजीवन आणि वारसाहक्क

मृत्युपत्र न करता माणूस वारला की त्याची मिळकत कोणाकडे जायची हे कायदा ठरवतो, आणि ते तो नात्यावरून ठरवतो, सहवासावरून नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या मागे पहिला मान मुलगा, मुलगी, विधवा, आई आणि आधीच वारलेल्या मुलामुलींची मुले यांचा असतो. यांतले कोणीच नसेल तर वडील, भाऊ-बहिणी, पुतणे-भाचे, काका-आत्या, मामा-मावशी अशी दुसऱ्या वर्गाची लांबलचक यादी लागते. तीही रिकामी निघाली तर आधी पुरुषांच्या साखळीतून आणि मग इतर साखळीतून जोडलेले दूरचे आप्त शोधले जातात. कोणीच सापडले नाही तर कलम २९ प्रमाणे मिळकत सरकारजमा होते. लग्न न करता तीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या जोडीदाराचे नाव या रांगेत कुठेही नाही. ज्याला मृताने आयुष्यात कधी पाहिलेही नाही असा चुलतचुलता त्याच्या पुढे उभा असतो, आणि तो नसेल तर सरकार उभे असते.

स्त्री वारली तर रांग वेगळी, पण परिणाम तोच. तिच्या मिळकतीवर पहिला हक्क मुले आणि नवरा यांचा, त्यानंतर नवऱ्याच्या वारसांचा, आणि मग कुठे तिच्या आईवडिलांचा. नवऱ्यापासून पंधरा वर्षे वेगळी राहिलेली, पण घटस्फोट न घेतलेली बाई दुसऱ्या कोणाबरोबर संसार करत असताना गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घरात त्या वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याचा हिस्सा निघतो. तिच्या आजारपणात उशाशी बसलेल्याचा निघत नाही. सासरने हाकलून दिलेल्या एका विधवेच्या स्वकष्टार्जित मिळकतीबद्दल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला: मिळकत सासरच्यांकडेच गेली, कारण कायद्याची भाषा स्पष्ट आहे आणि सहानुभूतीने ती बदलता येत नाही. वारसा कायदा माया किंवा सेवा मोजत नाही, हे या विषयात आधी समजून घ्यावे लागते.

हे नेहमीच असे नव्हते. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात, विशेषतः मुंबई इलाख्यात ज्या मिताक्षरेचा आधार घेतला जाई तिच्यात, ‘अवरुद्ध स्त्री’ नावाची एक ओळख होती. लग्नाविना, पण एकाच पुरुषाशी एकनिष्ठपणे आणि उघडपणे, त्याच्या मरणापर्यंत राहिलेली स्त्री म्हणजे अवरुद्ध स्त्री. तिला वारसाहक्क नव्हता; मात्र त्या पुरुषाच्या मागे त्याच्या मिळकतीतून पोटगी मिळण्याचा हक्क होता. बेवारस मिळकत राजाकडे जाते हा नियम सांगतानाच शास्त्रकार बजावतात की अशा स्त्रियांच्या निर्वाहाचे, नोकरांचे आणि अंत्यविधीचे बाजूला काढूनच राजाने उरलेले घ्यावे. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिणाऱ्या मिताक्षराकार विज्ञानेश्वरापासून ब्रिटिश न्यायाधीशांपर्यंत हा धागा टिकला. १९२६ मध्ये मुंबईच्या एका खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की अशी स्त्री पुरुषाच्या कुटुंबासह एकाच घरात राहत असली पाहिजे असे नाही. वेगळ्या बिऱ्हाडात ठेवलेली असली तरी संबंध कायमचा आणि जाहीर असला की पुरे. १९४५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे पूर्ण पीठ आणखी पुढे गेले. स्त्रीचा स्वतःचा नवरा जिवंत असला, तरी नवऱ्याला सोडून ती दुसऱ्या पुरुषाबरोबर कायमची राहिली असेल तर त्या पुरुषाच्या मिळकतीतून तिला पोटगी मिळू शकते, असे पीठाने म्हटले.

या हक्काचे कौतुक करताना त्याच्या अटी विसरता येत नाहीत. पुरुष जिवंत असेपर्यंत तो तिला कधीही घराबाहेर काढू शकत असे, आणि तेव्हा तिला काहीच मागता येत नसे. हक्क जन्माला येई तो त्याच्या मरणानंतर, तोही ती पुढे एकनिष्ठ राहिली तरच. पुरुषाने बायको असताना दुसरी बाई ठेवावी, हे गृहीत धरणारी ती व्यवस्था होती. तरीही जिने आयुष्य घातले तिला रस्त्यावर आणून मिळकत वाटून घेऊ नये, एवढी किमान माणुसकी त्या व्यवस्थेत होती.

१९५६ च्या सुधारणांनी ती पुसली. द्विभार्या प्रतिबंध १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर आला, आणि तो हवाच होता. पण पुढच्याच वर्षीच्या दत्तक व पोटगी कायद्यात कलम २१ ने मृताच्या अवलंबितांची यादी केली, तेव्हा तीत आईवडील, विधवा, मुले, विधवा सून आणि अनौरस अज्ञान मुलेही आली. अवरुद्ध स्त्री मात्र गळली. त्याच कायद्याच्या कलम ४ मुळे जुने शास्त्र आणि रूढी या विषयापुरत्या संपल्या. कायदा लागू होण्यापूर्वी वारलेल्या पुरुषांच्या बाबतीत जुना हक्क शाबूत राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजेच त्यानंतर वारलेल्यांच्या बाबतीत तो उरला नाही. एकपत्नीत्वाचा आग्रह धरताना कायद्याने चूक करणाऱ्या पुरुषापेक्षा त्याच्या मागे राहिलेल्या बाईला जास्त शिक्षा केली, असेच म्हणावे लागते.

आज मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराला एकच खरा दरवाजा उरतो: आपण अविवाहित नव्हतोच, असे न्यायालयाला पटवणे. दीर्घकाळ पती-पत्नीसारखे राहिलेल्या स्त्री-पुरुषांचे लग्न झाले होते असे गृहीत धरण्याची मुभा पुरावा कायद्याच्या कलम ११४ ने न्यायालयाला दिली होती. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याचे प्रकरण आले, तेव्हा न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी विचारले की अर्ध्या शतकानंतर लग्न लावणारा भटजी आणि साक्षीदार आणायचे तरी कुठून? असा पुरावा मागत बसलो तर थोड्यांनाच आपले लग्न सिद्ध करता येईल. २०१५ मध्ये वीस वर्षांच्या सहवासावरून न्यायालयाने लग्न गृहीत धरले आणि ते नाकारणाऱ्यावर सिद्धतेचे जड ओझे टाकले. जून २०२२ मध्ये केरळमधल्या वाटपाच्या दाव्यातही हेच सूत्र वापरून, आईवडिलांचे लग्न सिद्ध होत नाही म्हणून डावललेल्या मुलाला वाटा दिला गेला.

हे गृहीतक पक्के नसते, उलट पुराव्याने मोडते. आणि ते मोडण्याचे सर्वात धारदार हत्यार म्हणजे दोघांपैकी कोणाचा तरी जिवंत, घटस्फोट न झालेला नवरा किंवा बायको. लग्न होणे कायद्याने शक्यच नव्हते, तर ते झाले असे गृहीत कसे धरणार? म्हणून निम्म्या लढाया जोडप्याच्या सहवासावर नाही, तर त्याआधीच्या लग्नाच्या शेवटावर होतात. महाराष्ट्रात यात काडीमोड (रूढीने होणारी फारकत) आणि पाट (स्त्रीचा पुनर्विवाह) यांना फार महत्त्व आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. त्यामुळे ज्या जातीत काडीमोडाची रीत होती तिथे काडीमोड घेऊन पाट लावलेली बाई ही ‘ठेवलेली’ नसून कायदेशीर बायको ठरू शकते. पण ती रीत त्या जातीत प्राचीन, सलग आणि मान्य होती हे दाव्यात मांडून साक्षीने सिद्ध करावे लागते. ‘आमच्यात असेच चालते’ एवढे म्हणून भागत नाही. पंचांपुढे झालेल्या काडीमोडाचा कागद पत्र्याच्या पेटीत कुठे पडला असेल तर त्याची किंमत कित्येकदा शेतीच्या सातबाऱ्याइतकी असते.

सहवास सिद्ध करताना नेहमीचेच कागद कामी येतात. एकाच पत्त्याचे रेशनकार्ड, मतदारयादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर ‘पत्नी’ म्हणून केलेली सही, नात्यातल्या लग्नपत्रिकांवर जोडीने छापलेली नावे, शेजाऱ्यांच्या साक्षी. समाज या दोघांना नवरा-बायको मानत होता का, हा प्रश्न असतो. ज्यांनी लग्नसंस्था नको म्हणून जाणीवपूर्वक लग्न टाळले आणि ते चारचौघांत सांगितलेही, त्यांना हा दरवाजा बंद असतो. न्यायालयाचा उदारपणा लपवलेल्या सहजीवनापर्यंत पोचतो, उघड जगलेल्या सहजीवनापर्यंत नाही. ही विसंगती दुरुस्त करणे कायदेमंडळाचे काम आहे.

लिव्ह-इन नात्याला कायद्याने मान्यता दिली आहे, असे वर्तमानपत्रांत सर्रास वाचायला मिळते. त्यातून मोठा गैरसमज होतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने ‘विवाहसदृश नात्या’तल्या स्त्रीला संरक्षण दिले. त्या नात्याच्या कसोट्या २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातल्या: दोघे लग्नाला पात्र असावेत, समाजात जोडप्यासारखे वावरावेत, स्वेच्छेने आणि पुरेसा काळ एकत्र राहिलेले असावेत. २०१३ च्या निकालाने त्या आणखी तपशीलवार केल्या. या कायद्याने छळापासून संरक्षण, घरात राहण्याचा हक्क आणि आर्थिक मदत मिळते. मृताच्या मिळकतीत वाटा मिळत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधली पोटगीही जिवंत माणसाकडूनच मागता येत असे, आणि आता तिच्या जागी आलेल्या तरतुदीतही तसेच आहे. त्या कलमातल्या ‘पत्नी’च्या व्याख्येत वाजवी काळ एकत्र राहिलेल्या स्त्रीला आणावे, असा प्रस्ताव महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २००८ मध्ये मंजूर केला होता. त्याचा कायदा झाला नाही.

मुलांची स्थिती जोडीदारापेक्षा बरी आहे. रद्दबातल लग्नातून झालेली मुले हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरस मानली जातात आणि आईवडिलांच्या मिळकतीत त्यांना हक्क असतो. हा हक्क एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कुठवर जातो यावर वर्षानुवर्षे वाद होता. १ सप्टेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यीय पीठाने तो मिटवला: वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असते तर वडिलांच्या वाट्याला जे आले असते त्यात ही मुलेही वारस आहेत, मात्र ती सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच हक्क असलेली भागीदार, होत नाहीत. सरकारी नोकराच्या निवृत्तिवेतनाबाबतही २००० च्या एका निकालात दुसऱ्या बायकोला काही मिळाले नाही, पण तिच्या मुलांना सज्ञान होईपर्यंत वाटा मिळाला. लग्नाचा कोणताच विधी झाला नसेल तर मात्र कलम १६ चा आधार डळमळतो, आणि मुलांनाही आधी आईवडिलांच्या लग्नाचे गृहीतक उभे करावे लागते. आईच्या मिळकतीचा प्रश्न तसा नाही. तिच्याशी मुलाचे नाते कायदा कोणत्याही परिस्थितीत मानतो.

सर्वसामान्य माणसाचा सर्वात मोठा घोटाळा होतो तो नॉमिनीच्या बाबतीत. बँकेत, विम्यात, सोसायटीत जोडीदाराचे नाव लावले की काम झाले, असे अनेकांना वाटते. विम्याबाबत १९८३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण त्यांचा मालक होत नाही, मालक वारसच. शेअर्सबाबत मुंबईतून गेलेल्या प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी तेच ठरले. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात आईवडील, पती-पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते अशी सवलत आली; अविवाहित जोडीदार त्या यादीत नाही. भविष्यनिर्वाह निधीत तर कुटुंब असलेल्या सभासदाने कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे केलेले नामनिर्देशनच अवैध ठरते. ग्रॅच्युइटीचेही तसेच. २००८ च्या एका प्रकरणात मृत कामगाराची दुसरी बायको नॉमिनी होती. तिला वारस प्रमाणपत्र मिळाले, पण पहिल्या, घटस्फोट न झालेल्या बायकोचा पाचवा हिस्सा तिने जपून ठेवावा आणि द्यावा, अशा अटीवर.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटची गोष्ट याहून वेगळी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते, तेही खरा वारस किंवा मृत्युपत्राने हक्क मिळालेली व्यक्ती कागद घेऊन येईपर्यंत. मेंटेनन्सची बिले नॉमिनीच्या नावे येत राहतात, म्हणून फ्लॅट त्याचा होत नाही. शेतजमिनीत तलाठ्याकडची वारस नोंद आणि फेरफारही मालकी ठरवत नाहीत. मृताच्या भावाने तेराव्यानंतर लगेच फेरफार करून घेतला म्हणून जोडीदाराने सर्व संपले असे समजू नये, आणि स्वतःचे नाव लागले म्हणून निर्धास्तही होऊ नये.

घरात पैसे घातलेल्या जोडीदाराची अडचण आणखी गंभीर आहे. दोघांनी मिळून हप्ते भरले, पण करारनामा एकाच्याच नावे असेल, तर दुसऱ्याने ‘निम्मे पैसे माझे’ म्हणून मालकी मागताच बेनामी व्यवहार कायदा आडवा येतो. नवऱ्याने बायकोच्या किंवा मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मिळकत त्या कायद्यातून वगळली आहे. अविवाहित जोडीदाराच्या नावे घेतलेली नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ४ मुळे असा दावा दाखलच करता येत नाही, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर मिळकत जप्त होण्याची टांगती तलवारही आहे. म्हणून खरेदीच्या वेळीच करारनाम्यावर दोन्ही नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिणे, हे लग्न न केलेल्यांसाठी लग्न केलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक निकडीचे आहे. मग एकजण गेल्यावर निदान दुसऱ्याचा स्वतःचा हिस्सा वादाबाहेर राहतो.

खात्रीचा मार्ग मृत्युपत्राचा. हिंदू माणूस आपली स्वकष्टार्जित मिळकत आणि एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही कोणालाही देऊ शकतो. बायको-मुलांना दिलेच पाहिजे असे बंधन नाही, अवलंबितांच्या पोटगीचा बोजा मात्र राहतो. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लागते ती करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. जोडीदाराच्या नावे केलेल्या मृत्युपत्राला आव्हान मिळणार हे धरूनच चालावे. साताऱ्यात जन्मलेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मृत्युपत्राच्या पुराव्याचे जे निकष घालून दिले ते आजही प्रत्येक दाव्यात वाचले जातात: संशयास्पद परिस्थिती असेल तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच तो संशय दूर करायचा. लाभ मिळणाऱ्याने स्वतः मसुदा करण्यात पुढाकार घेतला, मृताची प्रकृती ढासळलेली होती, बायको-मुलांचा उल्लेखही टाळला, अशा गोष्टी संशय वाढवतात. म्हणून धडधाकट असताना, डॉक्टरच्या दाखल्यासह, घरच्यांना का वगळले किंवा कमी दिले हे एका वाक्यात लिहून केलेले मृत्युपत्र टिकते. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण असावेत, हा वकिलांचा जुना सल्ला इथे विशेष लागू पडतो, कारण त्यांच्यापैकी एकाला तरी उद्या पिंजऱ्यात उभे राहायचे असते.

मृत्युपत्राची मोकळीक सगळीकडे सारखी नाही. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे मिळकतीच्या एकतृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते; त्यापुढे वारसांची संमती लागते. गोव्यात, पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या आणि आता २०१२ च्या वारसा कायद्यात असलेल्या व्यवस्थेत, मुले किंवा आईवडील यांच्यासाठी निम्मी मिळकत राखीव असते. लग्नाची बायको हयात असेल तर आधी सामाईक मिळकतीचा अर्धा भाग तिचा म्हणून बाजूला निघतो. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा, म्हणजे एकूण पाव हिस्साच गोव्यातला पुरुष जोडीदाराला लिहून देऊ शकतो.

जिवंतपणीच बक्षीसपत्र करता येते, आणि ते नोंदवलेले असले की मृत्यूनंतरच्या भांडणातून मिळकत बाहेर राहते. झालेल्या सहवासाची जाणीव ठेवून दिलेले बक्षीस अनैतिक म्हणून रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७-६८ च्या सुमारास म्हटले. त्याच प्रकरणात एकत्र कुटुंबाची मिळकत कर्त्याने अशी देऊ नये, म्हणून ते बक्षीस त्यापुरते टिकले नाही. महाराष्ट्रात खर्चाचा फरक मोठा आहे: राहते घर किंवा शेती नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र दोनशे रुपये; अविवाहित जोडीदाराला दिली तर खरेदीखतासारखे बाजारभावावर.

समलिंगी जोडप्यांना लग्नाच्या गृहीतकाचाही आधार नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने त्यांच्या विवाहाला मान्यता दिली नाही. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. सोय खरी, पण ती नॉमिनीची. मालकीसाठी त्यांना मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र यांशिवाय गत्यंतर नाही.

इतरत्र वेगळा विचार झाला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७५ च्या कायद्यात १९९५ साली दुरुस्ती होऊन, मृत्यूपूर्वी सलग दोन वर्षे पती-पत्नीसारखे राहिलेल्या जोडीदाराला मृताच्या मिळकतीतून निर्वाहापुरते मागण्याचा हक्क मिळाला. मृत्युपत्रात डावलले असले तरीही. प्रशासनपत्र किंवा प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि मृताचा कायदेशीर अधिवास तिथे असावा लागतो, म्हणून तिथे स्थायिक झालेल्या मराठी जोडप्यांनाही तो लागू होऊ शकतो. हा वारसाहक्क नाही, गरजेप्रमाणे काढून दिलेली तजवीज आहे. आणि तिचे मुंबईच्या जुन्या पोटगीशी असलेले साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. न्यूझीलंड आणखी पुढे गेले: तिथे साधारण तीन वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार पती-पत्नीच्या बरोबरीला येतो.

भारतात सहजीवनाची नोंदणी सक्तीची करणारा पहिला कायदा उत्तराखंडचा. तिथली समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तीत सहजीवनातून झालेली मुले औरस ठरतात, टाकून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते. पण मृताच्या वारसांच्या यादीत पती-पत्नी, मुले आणि आईवडील आहेत, सहजीवनातला जोडीदार नाही. शिवाय नोंदणीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. सहजीवनाची नोंद म्हणजे आपण विवाहित नाही असे दोघांनी सरकारदरबारी लिहून देणे. नोटरीकडे केलेल्या लिव्ह-इन करारांचेही तेच. असा कागद हातात असताना जोडीदाराच्या मृत्यूनंतर लग्न गृहीत धरण्याची विनंती न्यायालयाने मानणे कठीणच. त्यामुळे नोंदणी करणाऱ्यांनी त्याच दिवशी मृत्युपत्रही करून ठेवणे गरजेचे ठरते.